डावा दिवा

अहो,

गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली आहे. दिव्यांचा उजेड आता लख्ख पडतो, तेव्हा आईंना संध्याकाळी देवळात न्यायचं असेल तर खुशाल न्या. मी शाळेत जाते.

सकाळी पुढच्या दिव्यांच्या दोन्ही काचा टूथपेस्टनं घासल्या. पिवळेपणा गेला, तरी उजेड मिणमिणताच. शेवटी कोपऱ्यावरच्या तवनाप्पा मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी शेडमध्ये दिवे लावून बघितले आणि माझ्याकडं वळून कानडीत म्हणाले, "येड, येड." मी लई तापले. "येडी कुणाला म्हणता?" असं विचारलं, तर बिचाऱ्यांनी घाबरून आपला डावा हात वर केला. कानडीत डाव्याला येड म्हणतात, हे लग्नाला वर्ष होत आलं तरी मला कुणी सांगितलं नाही. डाव्या दिव्याची अर्थिंगची वायर गंजली होती. त्यांनी ती खरवडून घट्ट बसवली.

आता माझंच डोकं चालेना. काल दिवेलागणीला चिकोडीहून येताना गाडी मी चालवत होते, आणि तुम्ही नि आई सारखं "येड, येड" म्हणून हसत होता. त्यावरूनच मी जेवले नाही आणि कराडला, माहेरी जायला बॅग भरली. ती दाराशी आहे, तिला हात लावू नका.

ते दिव्याला म्हणत होता, की मला? याच कागदाच्या मागं लिहून ठेवा. मराठीत.

श्रद्धा