हात धुतल्याशिवाय आत नाही

मंगळवार, ६ मार्च
ऑपरेशन झालं. ह्यांच्या पोटातली गाठ काढली, साधीच निघाली. देवाची कृपा! मानेत नळी, नाकात नळी, हातात नळी. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न — "गॅस बंद केलास ना?" म्हणजे डोकं शाबूत आहे.
खोली स्वतंत्र. विम्यात बसते म्हणून, नाहीतर मी घेतली असती होय! दाराशी बेसिन, त्यावर दाबायची साबणाची बाटली. सिस्टर येताना भसाभस दाबते, जाताना पुन्हा. तेवढ्या फेसात आमच्या घरची चादर निघेल.

बुधवार, ७ मार्च
"हात धुतल्याशिवाय कोणाला आत सोडू नका हं काकू," असं सिस्टरने बजावलं. मी दारातच खुर्ची टाकली. मोठ्या डॉक्टरांनाही अडवलं. "बाहेर धुतलेत हो." म्हटलं, "मी पाहिलं नाही." निमूट धुतले! जाताना म्हणाले, "असे नातेवाईक हवेत."
साबण तळाला गेला. नवा मागवलाय म्हणे. तोवर काय थांबायचं? घरी करते तेच केलं — नळाचं पाणी घातलं, बाटली हलवली. भरली की!

गुरुवार, ८ मार्च
वन्सं आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. फुलं आणली, पेल्यात पाणी घालून उशाशी ठेवली. "काय गं, दारात बसून तिकिटं फाडतेस का?" त्यांनाही धुवायला लावले. दोनदा.

शनिवार, १० मार्च
थंडी वाजून ताप. खाट खडखड वाजत होती. रक्त तपासायला नेलं.

सोमवार, १२ मार्च
रक्तात जंतू!
मोठे डॉक्टर म्हणाले, "हा ओलाव्यात राहतो. धडधाकट माणसाच्या वाटेला जात नाही. माणूस अशक्त झाला, अंगात नळी असली, की संधी साधून शिरतो."
"म्हणजे वन्संच्या जावयासारखा," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.
मॅट्रिकला शरीरशास्त्रात मला चांगले गुण होते, पण हा जंतू तेव्हा धड्यात नव्हता. "वाचतील ना?" विचारलं. "औषध बदललंय," म्हणाले. हे काय उत्तर झालं! मानेतली नळी काढली.
देवाला सांगितलं — हे घरी आले की वर्षभर बिनसाखरेचा चहा. (साखर वाचेल, पण हेतू तो नाही. देवाला माहीत आहे.)

मंगळवार, १३ मार्च
जंतू कुठून आला ते शोधायला एक माणूस आला. कापूस लावलेल्या काड्या घेऊन — काडीवालाच! नळाला काडी, खाटेला काडी, माझ्या खुर्चीला काडी. मी घरून आणलेल्या देवाच्या तसबिरीकडे वळला.
"अहो, देवाच्या पायाला काडी लावता?"
"मग कुठे लावू काकू?"
"चौकटीला लावा."
फुलांचा पेला मात्र मीच पुढे केला. "इथे बुडवा, चांगली तळापर्यंत!"
वन्सं तिथेच. "माझ्या फुलांनी माझा भाऊ मरतोय, असं म्हणायचंय तुला?" चपला घातल्या, निघाल्या. मी म्हटलं, जाताना हात धुवा. धुतले आणि रडत गेल्या.

बुधवार, १४ मार्च
ताप तसाच. मी कपाळावर पट्टी ठेवत होते. हे डोळे मिटून म्हणाले, "सिस्टर, आमच्या हिला सांगू नका, पण मला फार भीती वाटते."
मी म्हटलं, "नाही सांगत."

गुरुवार, १५ मार्च
आता कोणाचीही गय नाही. प्रत्येकाला दोनदा धुवायला लावते. बाटली परत पाणी घालून भरावी लागली. साबणाला गुलाबी छटा आली आहे. दिसतो छान.

शनिवार, १७ मार्च
ताप उतरला! डोळे उघडून म्हणाले, "गॅस?" देवापुढे डोकं टेकलं ते उचलवेना.

सोमवार, १९ मार्च
काडीवाला हातमोजे घालून आला. सगळं सोडून साबणाची बाटली पिशवीत घातली, जशी काही ती पळून जाईल!
डॉक्टर म्हणाले, "ह्यात कोणीतरी पाणी घातलंय. जंतू ह्यातच वाढला, गुलाबी रंग त्याचाच. इथून हातांवर, हातांवरून मानेतल्या नळीत."
सगळ्यांचे हात. मी दारात बसून धुवायला लावलेले.
बाहेर जाऊन वन्संना फोन केला. "तुमच्या फुलांचा दोष नाही."
"ते मला ठाऊकच होतं. मग कोणाचा गं?"
फोन ठेवला.

मंगळवार, २० मार्च
काडीवाला विचारायला आला, पाणी कोणी घातलं. मी उभी राहिले, देवाचं नाव घेतलं, तोंड उघडलं — तोच हे खाटेवरून म्हणाले, "मी." कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती, तो माणूस! काडीवाल्याने लिहूनही घेतलं.
तो गेल्यावर विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"
"अगं, लग्न झाल्यापासून घरी तोच साबण लावतोय ना!"