न शिवलेला कोट

४ जानेवारी

चि. ढब्बूस अ. उ. आ.

आम्ही सगळी मजेत, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. आता खरं सांगते. परवा माझ्या छातीची तपासणी झाली. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत. बायपास करायचं ठरलंय, अठरा तारखेला. डॉक्टर समजावून सांगत होते आणि माझं लक्ष त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे. डावा खांदा चांगला अर्धा इंच खाली! असला कोट अंगावर चालवून घेणारा माणूस माझी छाती उघडणार, या विचारानेच मला घाम फुटला. तसं मी त्यांना सांगितलंही. तुझे भावजी खुर्चीत गोरेमोरे झाले. डॉक्टर मात्र हसले.

आता एक कबुली. तू तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलास त्याला दोन वर्षं झाली आणि मी एकदाही वर आले नाही. तू समजलास मी रुसलेय. अरे, मी आले होते. तुझ्या जिन्याच्या अठराव्या पायरीवर छातीवर कुणीतरी इस्त्री ठेवल्यासारखं झालं, तिथेच बसले आणि तशीच परत फिरले. तुला कळवलं, की ऐन वेळी गिऱ्हाईक आलं. फोनवर हे सांगायला गेले असते तर तू ओरडला असतास, म्हणून पत्र.

तुझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभाचा कोट कापून पार्सलने पाठवलाय. खडूने खुणा केल्या आहेत. कुणीही बरा शिंपी शिवून देईल. शिवणीत माया भरपूर सोडलीय, तेव्हा जेवायला घाबरू नकोस.

बाकी ठीक. लोभ होता तसाच राहू दे.

तुझी ताई


९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र आणि पार्सल एकाच दिवशी मिळालं. अठरा तुकडे, सुतळीने बांधलेले, प्रत्येकावर तुझं अक्षर. डावी बाही, उजवी बाही, खिसा, कॉलर. बायको म्हणाली, किती व्यवस्थित बांधलंय. मी मात्र तीच सुतळी परत बांधायला घेतली.

ताई, बाबांनी दुकानात पाटी लावली होती, की अर्धवट काम उंबरठ्याबाहेर जाणार नाही. एक बटण लावायचं राहिलं तरी तू गिऱ्हाइकाला बाकावर बसवून ठेवायचीस. आणि सख्ख्या भावाचा कोट तुकड्यातुकड्यांनी? तू निरवानिरव करते आहेस हे न कळायला मी काय दूधखुळा आहे?

पार्सल आल्या पावली परत धाडलंय. दुसऱ्याच्या हातचा कोट मी अंगाला लावणार नाही. तीस एप्रिलला तुझा कोट नसेल तर नुसत्या शर्टावर व्यासपीठावर बसेन आणि माझी बहीण शिवणकाम करते हे सगळ्यांना सांगेन. बस मग!

दोन वर्षं मी तुला मनातल्या मनात काय काय बोललो ते आठवून लाज वाटते. ते सगळं मागे घेतो. आत्ता उठून यायला हवं, पण गेल्या आठवड्यात एका शिकाऊ बाईंनी माझ्या पायावरून गाडी नेली. एकतीस वर्षं गाडी शिकवताना दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारले, त्या दिवशी नेमका गाडीच्या बाहेर उभा होतो. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. तू खाली अडकलीस, मी वर.

रागावलोय, पण लोभ तसूभरही कमी नाही.

तुझा ढब्बू


१४ जानेवारी

चि. ढब्बूस अ. उ. आ.

पार्सल पोचलं. काजं करणाऱ्या काकूंनी ते माझ्यासमोर ठेवलं, आणि भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, मी रडले. तू बरोबर ओळखलंस. मला फार भीती वाटते रे. मरणाची कमी, अर्धवट राहण्याची जास्त.

काल डॉक्टरांनी सांगितलं, की पायातली शीर काढून हृदयाला जोडणार. मी बजावलं, उजव्या पायाला हात लावायचा नाही, तो माझा मशीनचा पाय आहे. त्यांनी निमूटपणे डाव्या पायावर पेनाने खूण केली. माणूस वाटला तेवढा वाईट नाही.

तुझे तुकडे कपाटात वरच्या फळीवर ठेवलेत. परत आले तर शिवेन. नाही, खोडते. परत आल्यावर शिवेन. तू पाय जप, आणि त्या बाईंना परत गाडी देऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, या वेळी तूही दे.

ताई


१८ जानेवारी, दवाखाना

चि. मेव्हण्यास आशीर्वाद.

मला लांबण लावता येत नाही. सकाळी सातला आत नेलं, साडेबाराला बाहेर आणलं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, जोडकाम झाल्यावर हृदय आपलं आपण सुरू झालं. ढकलस्टार्ट लागलं नाही, हे तुला समजेल.

आत जाताना तिने तिचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान माझ्याकडे दिलं होतं. साडेपाच तास बोटात घालून बसलो आणि ते अडकलं. नर्सबाईंनी साबण लावून काढलं. हे तिला कळवू नये.

लोभ असावा, काळजी नसावी.

तुझे भावजी

ता. क. दुसऱ्या दिवशी लिहितो आहे. तोंडातली नळी निघाल्यावर तिने पहिला प्रश्न केला, टाके कुणी घातले? मी बाहेर जाऊन पोटभर रडलो. हेही कळवू नये.


६ फेब्रुवारी

चि. ढब्बूस अ. उ. आ.

घरी आले. अंगुस्तानाचं मला नर्सने सांगितलं.

टाके मी आरशात नीट तपासले. सरळ आहेत, एकसारखे आहेत, कुठे चुणी नाही. खोकताना छातीशी उशी आवळून धरावी लागते. तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलंय, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. पहिले चार दिवस एकच उचलला जायचा, तोही मरगळल्यासारखा. आज तिन्ही उचलले आणि तुझ्या भावजींनी चक्क टाळ्या वाजवल्या.

पण सगळंच काही गोड नाही. तीन महिने मोठी कात्री नाही, इस्त्रीचं तर नावच काढायचं नाही. परवा वेणी घालायला हात वर गेला नाही. शेवटी तुझ्या भावजींनी घातली. इतकी वाकडी वेणी मी जन्मात पाहिली नव्हती. हसता हसता रडू आलं ते थांबेचना. हे हात परत माझे होतील का, एवढंच सारखं मनात येतं.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी

ताई


२४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. पाय उत्तम. तुझ्याकडचे चार दिवस पाहून आलोय, तेव्हा आता पत्रात हात माझे होतील का वगैरे लिहू नकोस, मी फसणार नाही. मी यायच्या आधीच धावदोरा घालून ठेवलेला कोट माझ्या अंगावर चढवून, हालू नकोस म्हणून मला टाचणी टोचणारे हात कुणाचे होते? काकू इस्त्री फिरवत होत्या आणि तू खुर्चीतून हुकूम सोडत होतीस. त्या मला हळूच म्हणाल्या, बाई आजारी होत्या तेव्हा जरा शांतता होती.

आता मुद्द्याचं. समारंभाला तू यायचंस, पण घरी नको. थेट हॉलवर ये, तो तळमजल्यावर आहे. कोट तिथेच बदलेन. माझ्या जिन्याला बावन्न पायऱ्या आहेत. हट्ट करू नकोस. तू मला आहेस, एवढं मला पुरे आहे.

लोभ मापाबाहेर वाढला आहे, सांभाळून घ्यावा.

तुझा ढब्बू


३० एप्रिल, अठरावी पायरी

चि. ढब्बूस अ. उ. आ.

हे पेन्सिलीने लिहितेय, कागद गुडघ्यावर आहे. तुझे भावजी पाण्याची बाटली घेऊन दोन पायऱ्या खाली उभे आहेत आणि दर मिनिटाला दम लागला का विचारताहेत. नाही लागला. मी मुद्दाम बसलेय. दोन वर्षांपूर्वी इथूनच परत फिरले होते, तेव्हा म्हटलं, हिशेब मिटवूनच पुढे जावं. भिंतीचा रंग तोच आहे. छातीवर इस्त्री नाही.

डॉक्टरांनी जिन्याला परवानगी दिली. दीड महिना दवाखान्याचा जिना रोज चढले, तुला कळवलं नाही. निघताना त्यांच्या कोटाचा डावा खांदा उसवून सरळ करून दिला. त्यांना म्हटलं, तुम्ही माझं काम चोख केलंत, आता तुमचं माझ्याकडून घ्या.

तुझा कोट माझ्या हातावर आहे. भावजींना दिलेला नाही. शेवटची शिलाई आणि इस्त्री माझी, मोठ्या कात्रीने दोरे मीच कापले. एक बटण राहिलेलं नाही, एक दोरा लोंबत नाही.

आता हा कागद आतल्या खिशात घालते आणि उठते. चौतीस उरल्यात. वर पोचल्यावर कोट तुझ्या बायकोच्या हाती आत धाडीन आणि मी दारातच थांबेन. कोट अंगात घालशील तेव्हा खिशात हात घालायची तुझी जुनी खोड आहेच. हे वाचतो आहेस म्हणजे बावन्नावी झाली. आता वाचत बसू नकोस, वळून बघ.

लोभ घेऊन आलेय, पाणी दे.

तुझी, दारात उभी असलेली,
ताई