जागा माझीच, फॉर्म नावापुरता

३ मार्च, सोमवार
गोदामप्रमुखाची जागा निघाली. सोळा वर्षं इथे घासतोय, जागा माझीच. तरी फॉर्म भरायचा आहे, सगळ्यांना सारखा नियम म्हणे. पाच प्रश्न. ‘टीमला बरोबर घेऊन केलेल्या एखाद्या कामाचं उदाहरण द्या.’ प्रत्येकी अडीचशे शब्द. असले प्रश्न काढणाऱ्याने जन्मात खोका उचलला नसेल. रविवारी तासाभरात उडवून टाकतो.

९ मार्च, रविवार
नाव आणि जन्मतारीख भरली. मग पाठ भरून आली. बायकोने विचारलं, टीम कुठली? तुम्ही तर जेवायलाही एकटे बसता. अंतर राखल्याशिवाय धाक राहत नाही, हे तिला कोण सांगणार.

१२ मार्च, बुधवार
प्रश्न दोन : सहकाऱ्याशी झालेला मतभेद कसा मिटवलात? टेम्पो ड्रायव्हरशी माझं चार वर्षं वाजलेलं आहे. उदाहरण तयार हवं म्हणून दुपारी मुद्दाम गेलो. म्हटलं, चूक तुझी होती एवढं कबूल कर, विषय संपला. त्याने काच वर केली. फॉर्ममध्ये लिहिलं : ‘संवादाला सुरुवात केली.’

१३ मार्च, गुरुवार
पॅकिंगमधल्या बाईही फॉर्म भरतायत. हसू दाबलं. दहावी पास, खुर्चीत बसायची सवय नाही. मला विचारत होत्या, स्वतःबद्दल चांगलं कसं लिहायचं हो साहेब? म्हटलं, बाई, कशाला वेळ घालवता.

१५ मार्च, शनिवार, सकाळी ११
प्रश्न चार : अडचणीच्या वेळी घेतलेला निर्णय. गेल्या वर्षी गोदामात पाण्याचा पाइप फुटला होता. बाईंनी कॉक बंद केला, पोरांना हाका मारून चारशे खोके हलवले. मी त्या वेळी फोनवर होतो, कोणाला कळवायचं ते विचारत. लिहिलं : ‘माझ्या नेतृत्वाखाली चारशे खोके वाचले.’ दुसऱ्याला काम करू देणं हेच तर नेतृत्व.

प्रश्न पाच : अपयशातून काय शिकलात? लिहिलं : ‘लागू नाही.’ मुलीने वाचलं आणि तिला हसता हसता ठसका लागला. आजकालच्या मुलांना गांभीर्य नाही. फॉर्म पाठवला.

२५ मार्च, मंगळवार
मुलाखत. तीन माणसं, तिघंही माझ्यापेक्षा लहान. मधल्या मॅडमनी विचारलं, कॉक नेमका कुठे आहे? म्हटलं, असेल वरच्या बाजूला. त्या म्हणाल्या, हाच प्रसंग आणखी एका फॉर्ममध्येही आलाय, त्यात तुमचं नाव नाही. म्हटलं, बघा, माझी माणसं माझ्याकडूनच शिकतात. तिघांनीही काहीतरी लिहून घेतलं. छाप पडली.

३ एप्रिल, गुरुवार
बाईंना मिळाली.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. सुनावणार, या तयारीने गेलो. उत्तरंही जुळवून ठेवली होती. मी आत शिरताच त्या खुर्चीतून उठल्या आणि मी बसेपर्यंत उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, साहेब, सोळा वर्षांचा हिशोब तुमच्या डोक्यात आहे, मला सांभाळून घ्या. पाइपचं नाव काढलं नाही. मी बरं म्हणालो.

घरी आलो तर मुलीने न मागता चहा आणून ठेवला.

मघापासून पेन धरून बसलोय. बाईंबद्दल लिहावं असं वाकडं काही सापडत नाही.