दुपारी बाराचे पाणी

शनिवार, ४ मे १९९६
कालच्या नोंदीत चूक आहे. बोटीखालचे पाणी नऊ फूट लिहिले होते. ते नऊ फूट एक इंच आहे. टेपच्या टोकाचा हूक मी धरलाच नव्हता. दिवसभर टोचत राहिले.
गुरुवार, शुक्रवार, आज. तीन दिवस बरोबर दुपारी बाराला मोजले. फरक तीन इंचांचा. तो लाटांचा. भरती-ओहोटी असते हे मलाही कळते. म्हणूनच वेळ बदलली नाही. आबा पाटबंधारे खात्यात होते. चौथीपर्यंत त्यांनी मला घरीच शिकवले, गणित तर धरणाच्या पाणीपातळीच्या तक्त्यांवर. या खाडीत इतक्या शिस्तीने आजवर कोणी काही मोजले नसेल.

सोमवार, ६ मे
सगळे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी श्रेय लाटायला नको. रिटायर झाल्यावर आबांनी मायदेशी निघालेल्या एका डच साहेबाची शिडाची बोट घेतली. माणूस साताऱ्याचा, बोट बेलापूरच्या धक्क्याला. नेरूळची आमची अख्खी सोसायटी हसली. हसणाऱ्यांपैकी एकालाही पोहता येत नाही. मलाही येत नाही, पण मी हसले नव्हते.
पावसाआधी आईला बोटीने रत्नागिरीला न्यायचे, एवढेच आबांच्या मनात आहे. आई म्हणते, त्या भट्टीत मी बसणार नाही. आतली खोली गार करा, मग येते. यावर आबा म्हणाले, मे अर्ध्यावर येईपर्यंत जमले नाही तर बोट वाशीच्या डॉक्टरला देऊन टाकू. तो रोज फोन करतो.
म्हणून एसी. बोटीचा एसी खालचे पाणी पंपाने ओढून स्वतःला गार ठेवतो. वीज धक्क्यावरच्या चौकीतून. वायर पोहोचावी म्हणून बोट काठाला आणून बांधली. अर्थात मापे घेऊनच. हे काम आबांनी माझ्यावर सोपवले. दुसरे होते कोण?

बुधवार, ८ मे
मेकॅनिक कृष्णात. सीबीडीतल्या ऑफिसांचे एसी बघतो. कसे बघतो ते तिथे घाम पुसत बसलेल्या क्लार्कांना विचारावे. ड्यूटीआधी, सकाळीच येऊन काम करतो. आज म्हणाला, ताई, सकाळी बोट चिखलात बसलेली असते, तुम्ही एकदा येऊन बघा. मी म्हटले, सकाळचे सोड. आपण बाराला चालवणार आहोत आणि बाराचे पाणी माझ्या वहीत आहे. मान खाजवत राहिला. या लोकांना वही दाखवली की गप्प होतात.
उद्या बाराला पुन्हा एकदा मोजावे का? नको. एकदा नीट मोजलेले परत मोजणे म्हणजे स्वतःवर अविश्वास. शिवाय ऊन फार आहे.

गुरुवार, ९ मे
यंत्र बसले. धक्क्यावर मासळी विकणाऱ्या मुक्ताबाईंनी विचारले, कधी चालू करणार. उद्या बाराला, म्हटल्यावर त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि हसल्या. बोटांवर मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

शुक्रवार, १० मे, संध्याकाळ
बाराला आम्ही धक्क्यावर. आई नव्या साडीत, हातात थर्मास. पाणी नव्हते.
बोट एका अंगावर कलून चिखलात. तरी आई आबांचा हात धरून फळीवरून चढली. कृष्णात म्हणाला, पंप नको लावायला. मी म्हटले, लाव, थोडे असेलच खाली. पंपाने काळा चिखल ओढला, घरघरला, बंद. आई कलत्या बाकावरून घसरत दारापर्यंत आली. थर्मास तिच्याआधी आला.
मुक्ताबाई वरून म्हणाल्या, "पोरी, आज अष्टमी हाय. पुनवंला बाराला भरती, तर अष्टमीला बाराला सुकती. पानी काय तुज्या घड्यालावर चालतंय?"
आबांनी विचारले, "पाणी मोजलं कुणी?"
मी टेप गुंडाळत होते. ती सावकाश गुंडाळावी लागते, नाहीतर पीळ पडतो. मी वर बघेपर्यंत आबांनी कृष्णातला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलेही होते. त्याने माझ्याकडे पाहिले. हत्यारे गोळा करून निघून गेला. माणसाने स्वतःची बाजू मांडायला शिकावे.

रविवार, १२ मे
या यंत्रात काही दम नाही, असे म्हणून आबांनी डॉक्टरला होकार कळवला. आईने मला स्वयंपाकघरात गाठले. "राजी, तूच मोजलं होतंस ना गं?" मी म्हटले, नोंदी तपासते आहे.
तपासल्या. अचूक आहेत. चूक असलीच तर चंद्राची. पंप धुतला आणि वायर लांबवून बोट खोल पाण्यात नेऊन बांधली की यंत्र आजही चालेल. हे आबांना कळले तर ते बोट देणार नाहीत. कृष्णातलाही परत बोलावतील. तेव्हा सांगायलाच हवे. खरे लपवणे माझ्या स्वभावात नाही.
आज आबा जेवले नाहीत, आज नको. उद्या सकाळी नऊच्या भरतीला डॉक्टर बोट न्यायला येणार. सह्या, चहापाणी, माणसांची ये-जा. अशा गडबडीत इतकी बारीक गोष्ट कोणी नीट ऐकून घेत नाही.
पक्के ठरले. मंगळवार, १४ मे, सकाळी साडेनऊ. आबांचा चहा झाल्यावर.