एज्रा, नहेम्या आणि एकतीस ताटं

३ नोव्हेंबर, सोमवार
काल चर्चमध्ये बायबलच्या वर्गात निकिता नावाच्या पोरीने विचारलं, बाबेलहून परतलेल्या यहुद्यांची यादी एज्राच्या पुस्तकात वेगळी, नहेम्याच्या वेगळी, असं काहून? आरहाचे वंशज इथे ७७५, तिथे ६५२! पाळकसाहेब नुसते खोकले. मी तेहतीस वर्षं गणित शिकवलंय. उत्तर मी देणार, असं जाहीर केलं. तेवीस तारखेला उपकारस्तुतीच्या रविवारी बोलायला वीस मिनिटं मिळाली. हे जमलं की जानेवारीत मी चर्चच्या मंडळीचा पंच. उमरखेडात दुसरं आहे कोण?

७ नोव्हेंबर
एज्राची बेरीज तीनदा केली. तीन उत्तरं. कॅल्क्युलेटर खराब आहे.

११ नोव्हेंबर
जमलं! एज्रा २९,८१८. नहेम्या ३१,०८९. आणि एकूण दोघेही सांगतात ४२,३६०. उलगडा सोपा. एकाने निघताना नावं घेतली, दुसऱ्याने पोचल्यावर. थोडा घोळ नकलनविसाचा. उरलेली हजारो माणसं? घरटी कर्त्या पुरुषाचं नाव लिहिलं, बायका-पोरं फक्त एकूणात धरली. हंसाला ऐकवलं. ती म्हणाली, मंग त्याइले वाटेत रांधून कोन घालत होतं? बायकोला विषयाला धरून बोलता येत नाही.

१५ नोव्हेंबर
त्याच रविवारच्या प्रीतिभोजनाची मोजदादही माझ्याकडेच आली. पाळकसाहेब माणूस ओळखतात. आवतन चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही, सगळं घर इथंच जेवणार. घरोघर फिरलो. एकतीस नावं झाली. आचारी धावजीला एकतीस ताटं सांगितली. तो म्हणे, धा-वीस वर धरू काय? म्हटलं, पंगती अंदाजावर उठत नाहीत.

२३ नोव्हेंबर, दुपार
भाषण जोरदार. वीसऐवजी पन्नास मिनिटं. लोक सारखे बाहेरच्या जेवणाच्या गंजांकडे बघत होते. भारावले असावेत. जेवायला एकशे अठरा जण. वक्ता म्हणून मी पहिल्या पंगतीत. दुसरी पंगत नुसत्या भातावर उठली. तिसरी बसलीच नाही. पाळकसाहेब म्हणाले, मास्तर, बायका-लेकरं धरलीच नाही काय जी? पुढच्या वर्षी मोजदाद निकिता करणार. पंचाचंही तिलाच विचारून पाहतो म्हणाले. तरुणांना संधी मिळालीच पाहिजे, हे मीच सुचवणार होतो.

संध्याकाळ
वाढणाऱ्या बायकांना काहीच उरलं नव्हतं. हंसा घरी आली आणि तिने विचारलं, मले तरी मोजलं होतं काय?
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सकाळपासून उपाशी होती ती. पण तोंडून निघालं ते असं, की शास्त्राप्रमाणे नवरा-बायको एक देह, म्हणून दोघांत एक ताट धरलं.
तिने वांगं भाजून भरीत केलं, भाकरी थापली. मग एक ताट वाढून घेतलं आणि माझ्यासमोर बसून सावकाश जेवली.