पुढील आदेश होईपर्यंत

१४ मार्च २०१६

शिरूर कासारहून जीपने अर्ध्या तासात गावात पोचले. बंधाऱ्याच्या कामावर गुणवत्ता तपासणीसाठी माझी ही पहिली स्वतंत्र नेमणूक. काम गावच्याच मजूर सहकारी संस्थेचं. संस्थेचे चेअरमन बबनराव हार घेऊन उभे होते. हार मी घेतला नाही, चहा घेतला. ते हसून म्हणाले, मागच्या सायबांनी दोन्ही घेतलं होतं, मॅडम. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून नदीचं कोरडं पात्र दिसतं आणि त्यात भिंत: लांबी बासष्ट मीटर, उंची सव्वादोन. कोपऱ्यात कुणीतरी माठ भरून ठेवला होता. इथे बरं वाटेल.

१६ मार्च

भिंतीवर नखाने ओरखडा काढला, भुकटी निघाली. काँक्रीट ओतून चार दिवस झाले, पाणी मारलेलं नाही. ते काम सत्यभामाकडे आहे. पस्तिशीची असेल, जिभेने तिखट. गावाला दिवसाआड एक टँकर येतो. "माणसं वाळायलीत, अन् भिंतीला कावून पाजायचं?" मी समजावलं की पाण्याशिवाय सिमेंट धरत नाही, अशी भिंत पहिल्याच पुरात जाईल. पूर येऊ तर द्या बाई, असं म्हणून ती हसली.

कामावरच्या आदेशवहीत लिहिलं: टँकरचे पाणी प्रथम कामास द्यावे, सत्यभामा यांनी भिंतीस रोज पाणी मारावे, पुढील आदेश होईपर्यंत. नाहीतर काम नापास करीन, असं बजावलं. पोच म्हणून तिने अंगठा उठवला.

१९ मार्च

भिंत ओली, तिच्यावर टाकलेलं गोणपाट ओलं. काम समाधानकारक. टँकर गावात पोचतो तेव्हा तळाशी थोडंच उरतं. भिंतीचं काम आटोपून सत्यभामा विहिरीत उतरते आणि खडकातला पाझर वाटीने घागरीत भरते.

२२ मार्च

सत्यभामा विहिरीत पडली. चाळीस फूट. खाली पाणी नव्हतं. ती जागच्या जागी गेली.

तिची सासू साखराबाई दाराशी येऊन एवढंच विचारून गेली की आज भिंतीला पाणी मिळालं का. मी हो म्हणाले.

२५ मार्च

टँकर गावातच रिकामा करायला मी तोंडी सांगितलं आहे. तीन दिवस भिंतीकडे कुणी फिरकलेलं नाही. तरी सकाळी गोणपाट ठिबकत होतं. ओल जमिनीपासून १.८५ मीटरपर्यंत, सगळीकडे सारखी. बाईमाणसाने खाली उभं राहून घागरीतून पाणी फेकलं तर जाईल तेवढी. दुपारी बेचाळीस अंशातही वाळली नाही.

२८ मार्च

काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे बीडला नेऊन यंत्रात दाबले. चौदाची ताकद अपेक्षित होती, एकतीस भरली. ठोकळा फुटला तेव्हा आतून पाणी वाहिलं. यंत्रावरच्या माणसाने विचारलं, मॅडम, ऊस लावलाय का ह्यात?

बसस्टँडवर घेतलेली पाण्याची बाटली. सील तोडलेलं नाही. गावात येईतो निम्मी झाली.

३० मार्च

हातपंप आटला. तात्याबा धनगराच्या दोन शेळ्या भिंतीजवळ मेल्या. जखम नाही. उचलून पाहिल्या: चिपाडासारख्या हलक्या.

बबनरावांना म्हटलं, पाणी मारणं थांबवा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, जिला मारायला लावलं तिलाच थांबवा. आदेश तुमचा हाय, आमचा न्हाई.

३१ मार्च

साखराबाई अंथरुणाला खिळली आहे. ओठ फाटलेत, रक्त येत नाही. माझेही.

वही काढली. सिमेंट धरायला लागतात तेवढे एकवीस दिवस, असं लिहायला हवं होतं. मी नेहमीचं वाक्य लिहिलं: पुढील आदेश होईपर्यंत. त्याला मुदत नाही.

नवा आदेश लिहिला. पाणी मारणे बंद करावे. पोचेची जागा रिकामी. पोच नसेल तर आदेश लागू नाही— हे मीच सगळ्यांना सांगत आले.

१ एप्रिल, दुपारी १२.१०

भिंतीपाशी. वही, शाईचा पॅड. आदेश मोठ्याने वाचला. दोनदा. घसा—

ओल वर चढते आहे. समोर बघत असताना.

आली. कमरेवर घागर. साडी कोरडी.

वही पुढे केली. ओळखलं तिने. वाकून अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर— उमटत नाही. पॅड वाळलाय. पुन्हा दाबते. पुन्हा. कागद कोराच.

मान हलवते आहे. नाइलाज असल्यासारखी.

घागर माझ्यापुढे धरली. रिकामी. तळाशी पाणी जमतंय— माझी जीभ हलत— बोटं— पेनातली शाईसुद्धा वा