दोन रिकाम्या खुर्च्या

दिनांक १४ जून

आदरणीय बाई,

नमस्कार. तुमचा घसा आता बरा असेल अशी आशा. निरोपाच्या दिवशी फारच बसला होता. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, असा आईचा निरोप आहे. आमच्याकडे सगळे ठीक. आईने इस्त्रीचं टेबल दाराबाहेर हलवलंय, त्यामुळे खोलीत आता तेवढं उकडत नाही. बाबांना एका दवाखान्याच्या भिंती रंगवायचं काम मिळालंय. रोज अंगावर वेगळा रंग घेऊन येतात.

तर मुद्द्याचं. माझा शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही टेबलाच्या खणात ठेवलात आणि म्हणालात, "चार ओळींचं माफीपत्र आण आणि घेऊन जा." कॉलेजचे प्रवेश शनिवारी बंद होतात. दाखल्याशिवाय तिथे कोणी दारात उभं करणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तीनदा लिहायला बसले. चार ओळी होत नाहीत, बाई. एकही होत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे निरोपाचा फोटो गुणांप्रमाणे काढतात. वरचे नंबर खुर्च्यांवर, मधले मागे बाकावर उभे, शेवटचे पुढे सतरंजीवर. मधोमध तुम्ही, आणि तुमच्या उजव्या हाताला पहिला नंबर. आठवीत होते तेव्हा पाणी प्यायच्या निमित्ताने मी भिंतीवरच्या जुन्या फोटोंपाशी रेंगाळायचे आणि ती उजव्या हाताची खुर्ची बघून ठेवायचे. आमच्या घरात शाळा पूर्ण करणारं आजवर कोणी नाही. मला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती.

या वर्षी ती मिळाली, आणि त्या दिवशी आमच्या वर्गाने खुर्च्यांवर भलतीच माणसं बसवली. जुना गणवेश घालून आलेली सात जणं. सराव परीक्षेनंतर ज्यांना तुम्ही सांगितलंत की यंदा दहावीला शाळेकडून नको, बाहेरून बसा. त्यांची नावं पटावरून गेली, निकाल शंभर टक्के लागला. फाटकावरच्या पहारेकरीकाकांवर राग काढू नका. वर्गाचा फोटो आहे, यांना आत सोडा, असं त्यांना मीच सांगितलं होतं. वर्गाचाच फोटो होता, बाई.

आम्ही सगळे शेवटच्या दिवशी रिकाम्या वर्गात बसलो होतो, मागचं आठवत. मजा अशी की ज्याची त्याची आठवण या सातांपैकी कोणाला तरी जाऊन चिकटत होती. संमेलनात माईक बंद पडला तेव्हा 'भोंग्या'ने नुसत्या गळ्यावर सगळा कार्यक्रम ओढला होता. टाळ्या पाहुण्यांनी वाजवल्या, तुम्हीही वाजवल्यात. 'खिडकी' नेहमी बाहेर बघत बसायची म्हणून बोलणी खायची, पण प्रयोगशाळेच्या मागचा धूर तिनेच पहिल्यांदा पाहिला. नाहीतर आज प्रयोगशाळेला छप्पर नसतं. हे दोघं गणितात नापास. मान्य. पण मग आमची पाच वर्षं त्यांना वगळून कशी सांगायची? प्रयत्न केला. जमलं नाही. तेव्हाच फोटोचं ठरलं. पहिल्यांदा मी बोलले, हेही मान्य.

फोटोच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "मोठ्या रस्त्यावरच्या शाळेचा फलक बघितलास? तिथे शंभर, इथे ब्याऐंशी दिसले, की पालक मुलं तिकडे नेतात. वर्ग बंद पडतात. शिक्षक घरी बसतात. आठ जणांसाठी मी पाचशे जणांची शाळा बुडवू?"

तुम्ही रात्रीचा दिवस करून ही शाळा उभी केलीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण घरी जाताना फाटकावरचा आपल्या निकालाचा फलक पुन्हा वाचला. तो बाबांनी रंगवलाय. बाबांचं शून्य कधी वाकडं येत नाही. या वेळी शंभरातलं दुसरं शून्य वाकडं आलंय. एकदा उभं राहून नीट बघा.

तुम्ही 'आठ' म्हणालात. मी वर सात लिहिलेत. दोन्ही बरोबर आहेत.

"आणि हे सगळं कोणासाठी, ते मला कळत नाही का?" असंही तुम्ही म्हणालात. हो. भावासाठी. वर्गासाठी होतंच, पण आधी त्याच्यासाठी. माझ्याहून दहा मिनिटांनी धाकटा, माझ्याच बाकाच्या मागे पाच वर्षं बसलेला. ती उजव्या हाताची खुर्ची मी त्याच्यासाठी धरून ठेवली आणि स्वतः मागे बाकावर उभी राहिले. सात जणं आले. तो आला नाही.

फोटोवाले ओरडत होते, "अहो, ती खुर्ची भरा कोणीतरी, दात पडल्यासारखं दिसतंय!" कोणी हललं नाही. मग तुम्ही उठून गेलात, आणि त्यांनी वैतागून तसाच फोटो काढला.

भाऊ टायरच्या दुकानात कामावर होता. मी तणतणत तिथेच गेले. चाक सोडवता सोडवता म्हणाला, "फोटोत बसून काय करू? फोटोला गणित येतं का?"

"सगळा वर्ग वाट बघत होता तुझी."

"मग बसवायचं तर वर्गात बसव ना. पाच मिनिटं खुर्चीवर बसवून परत हाकलणार. त्यापेक्षा इथे बरं, इथे निदान स्टूल माझं आहे."

मला खूप राग आला. मग कळलं की तो बरोबर बोलतोय.

घरी माफीवरून रोज वाद. आई म्हणते, "माग की. नाक घासून काम होत असेल तर नाक काही झिजत नाही." बाबांनी मात्र फोटोसाठी भिंतीला खिळा केव्हाच मारून ठेवलाय.

काल हे लिहीत होते तर भाऊ मागून डोकावला.

"काय गं, कादंबरी?"

"माफीपत्र."

"किती पानं?"

"चार."

"मग ती माफी नाही, भांडण आहे." मग म्हणाला, "लिहून टाक चार ओळी. माझ्यापायी तुझं कॉलेज नको जायला."

"माफी मागितली तर तुम्हा आठ जणांना काढलं ते बरोबर होतं, असं मी लिहून दिल्यासारखं होईल. ते मी देणार नाही."

तो हात धुवायला गेला. टायरचा काळा रंग लवकर निघत नाही, बराच वेळ घासत होता. तिथूनच विचारलं, "शाळा कधी उघडते?"

गुरुवारी उघडते ना, बाई? तो अर्ज घेऊन येतोय. बाहेरून बसायला नाही, वर्गात बसायला. तुमच्या पटावर, तुमच्या निकालात. तो नापास झाला तर तुमचे शंभर जातील, हे मला कळतं. तरीही घ्या. बाकीच्या सातांनाही बोलवा. माझा दाखला मी मागणारच आहे. नाही दिलात तर माझं एक वर्ष जाईल. त्याचं गेलंच आहे, माझंही जाऊ दे. वर्षभर रोज संध्याकाळी त्याचं गणित घेईन.

फोटोची एक प्रत सोबत पाठवते. मधोमध दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, शेजारी शेजारी. एक त्याची, एक तुमची. आमच्या घरच्या खिळ्यावर हाच फोटो लागलाय.

आठवीत बीजगणित कळेना म्हणून मी मधल्या सुट्टीत तुमच्या दाराशी उभी राहिले होते. घंटा झाली तरी हलले नाही. "किती चिवट गं तू!" म्हणालात आणि तिथेच, दारात उभ्या उभ्या, ते गणित पुन्हा समजावलंत. वर्गाने ते नाव उचललं. मला ते फार आवडतं.

गुरुवारी पहिल्या घंटेच्या आधी आम्ही दोघं त्याच दाराशी असू.

तुम्हीच घडवलेली, म्हणून न हलणारी,
चिवट